छताला चार हुक

झोपाळ्याला लेखी परवानगी होती. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे जे झालं त्यात ज्याला त्याला मनोहरपंत रिसबुडांकडेच बोट दाखवायचं असतं, आणि मनोहरपंत काही नियम मोडणारे गृहस्थ नव्हेत. सिंगापुरात सात वर्षं राहून, रस्ता मोकळा असला तरी हिरवा दिवा लागेपर्यंत ज्याने पाऊल उचललेलं नाही, तो माणूस दुसऱ्याच्या छताला भोकं पाडेल का? पाडली. चार पाडली. पण विचारून पाडली.

बुओना व्हिस्टाच्या एका कॉन्डोत नवव्या मजल्यावर रिसबूड कुटुंब भाड्याने राहतं. घराचे मालक कॉलिन हे इंग्रज आणि त्यांची बायको बोझेना ही पोलंडची. सहा वर्षं या घरात राहून नोकरीपायी दोघं लंडनला गेली, तेव्हापासून इथे रिसबूड. दोन वर्षांपूर्वी संजीवनीबाईंच्या वाढदिवसाला मनोहरपंतांनी पुण्याहून सागवानी झोपाळा बोटीने मागवला, पितळी कड्यांसकट. मग रीतसर मालकांना मेल केली. कॉलिनसाहेबांचं उत्तर आलं: ‘झोपाळा! किती वेगळी कल्पना. छताच्या बाबतीत मी कदाचित दोनदा विचार केला असता, पण घर अर्थातच तुमचं आहे.’

हे उत्तर मनोहरपंतांनी विश्वास गोगट्यांना वाचून दाखवलं. गोगटे रॅफल्स प्लेसच्या एका बँकेत अठरा वर्षं आहेत, आणि त्यांचा साहेब इंग्रज असल्यामुळे मराठी मंडळींत इंग्रजांचा अर्थ लावायचं काम त्यांच्याकडे असतं. ते म्हणाले, इंग्रज माणूस यापेक्षा जास्त काय आनंद दाखवणार? माझा साहेब माझ्या प्रत्येक योजनेला ‘व्हेरी इंटरेस्टिंग’ म्हणतो. मनोहरपंतांनी कॉलिनसाहेबांच्या सूचनेला मान देऊन शनिवारी एकदा विचार केला, रविवारी एकदा विचार केला आणि सोमवारी आंग मो किओहून मिस्त्री बोलावला. मेलची छापील प्रत फायलीत लावून ठेवली.

झोपाळा बघून संजीवनीबाई म्हणाल्या, “छान आहे हो.” एवढंच म्हणाल्या आणि त्यावर वर्तमानपत्र पसरून मेथी निवडायला घेतली, तीही शेजारी स्टूल ओढून. मनोहरपंत मात्र रोज संध्याकाळी ऑफिसातून आल्यावर तासभर झोके घेत. लेक जाई म्हणे, बाबाचं प्लेग्राउंड.

तर जुलैत कॉलिनसाहेबांची दुसरी मेल आली. आम्ही सिंगापूरला परतलो आहोत, सध्या कंपनीच्या फ्लॅटमध्ये आहोत, अजिबात घाई नाही, पण ऑगस्टनंतर तुमचा काय विचार आहे हे सहज मनात आलं, जमलं तर कधीतरी डोकावून जाऊ. मनोहरपंतांनी वाचून ‘किती सज्जन माणूस!’ असं म्हणून फोन बाजूला ठेवला. संजीवनीबाईंनी तो उचलला, वाचला आणि सोफ्यावर बसल्या.

“अहो, घर मागतायत ते.”

मनोहरपंत हादरले. करार संपणार एकतीस ऑगस्टला आणि जाईची ओ लेव्हल, म्हणजे इथली दहावी, ऑक्टोबरात. शाळा घरापासून आठ मिनिटांवर. ऐन परीक्षेच्या तोंडावर बिऱ्हाड हलवायचं, आणि तेही अशा शहरात, जिथे फोडणीच्या वासाचं नाव निघताच काही मालकांचे फोन बंद होतात! त्या संध्याकाळी त्यांनी झोकासुद्धा घेतला नाही. नुसते बसून राहिले.

सल्ल्याला गोगटे आलेच. त्यांनी मेल तीनदा वाचली आणि निकाल दिला की घाबरायचं कारण नाही, ‘अजिबात घाई नाही’ असं स्पष्ट लिहिलंय. तरी त्यांना जेवायला बोलवा, माणसाला खाऊ घातलं की तो खाल्ल्या घरचे वासे मोजत नाही. कॉलिनला जपा, निर्णय त्याचाच असणार. बायको पोलिश आहे म्हणता, म्हणजे युरोपियन, म्हणजे तसलीच. अठरा वर्षांच्या अनुभवातून त्यांनी अख्खा पोलंड या एका वाक्यात उरकला.

रविवार ठरला, संध्याकाळी सहा. संजीवनीबाईंनी पुरणपोळीचा घाट घातला. मनोहरपंतांनी लिटिल इंडियात जाऊन पांढरीशुभ्र शेवंती आणली, चांगली लांब देठांची, बारा. शुभकार्याला शेवंतीसारखं फूल नाही. लिफ्टमध्ये सातव्या मजल्यावरची चिनी आजी भेटली. फुलांकडे पाहिलं, मनोहरपंतांकडे पाहिलं, त्यांच्या दंडाला हळूच हात लावला आणि “सॉरी आह” म्हणून खाली बघत उतरली. एवढ्या वर्षांत ती स्वतःहून बोलल्याची ही पहिलीच वेळ. शेजारी माणसं काय चांगली असतात, असं मनोहरपंतांना वाटलं.

सहा वाजून आठ मिनिटांनी घंटी वाजली. कॉलिनसाहेब उंच, वाकलेले, जन्मभर कमी उंचीच्या दारांतून आल्यासारखे. त्यांच्यापुढे बोझेनाबाई, रुंद खांद्यांच्या, केस आखूड कापलेल्या, पूल बांधणाऱ्या इंजिनीअर. मनोहरपंतांनी दारातूनच हात पुढे केला. बाईंनी तो घेतला नाही. हात हवेत, मनोहरपंत थिजलेले. बाई उंबरा ओलांडून आत आल्या, चपला काढल्या आणि मग खणखणीत हात मिळवला. म्हणाल्या, उंबऱ्यावरून हात द्यायचा नसतो, अपशकुन असतो. मनोहरपंतांची आई उंबऱ्यात साधी वाटीसुद्धा कुणाच्या हाती देत नसे. त्यांना एकदम बरं वाटलं. ते बरं वाटणं साधारण चार सेकंद टिकलं.

कारण बाईंची नजर टेबलावरच्या फुलदाणीकडे गेली.

“कोण वारलं?”

कॉलिनसाहेब घाईघाईने म्हणाले की फुलं फारच सुंदर आहेत. बाई म्हणाल्या, सुंदर नाहीत, आमच्याकडे ही थडग्यावर ठेवतात. आणि बारा आहेत, जिवंत माणसाला सम संख्येत फुलं देत नाहीत. आणि या देशातही ही मयतालाच नेतात, तुम्ही इतकी वर्षं राहून हे बघितलं नाही? मनोहरपंतांना लिफ्टमधली आजी आठवली आणि कान तापले. आपणही अकरा देतो, एकवीस देतो, एकशे एक देतो. मग फुलवाल्याकडे बारा कुठून तोंडातून निघाले? बाईंनी मात्र शांतपणे फुलदाणीतलं एक फूल काढून जाईच्या हातात दिलं आणि विषय संपवला. यजमानाला घरात येऊन मिनिटभरात मर्तिकाला बसवणारी बाई मनोहरपंतांनी जन्मात पाहिली नव्हती.

मग झोपाळा. कॉलिनसाहेब त्याच्यासमोर जरा जास्तच वेळ उभे राहिले. “आह. लावलात तर.” मनोहरपंतांनी तत्परतेने फाइल आणून परवानगीची प्रत दाखवली. कॉलिनसाहेब स्वतःचंच पत्र वाचून लाल झाले आणि ‘हो हो, अगदी स्पष्ट आहे’ असं म्हणाले. बोझेनाबाईंनी प्रत त्यांच्या हातातून घेतली, वाचली आणि म्हणाल्या, हे तर ‘लावू नका’ असं लिहिलंय.

मनोहरपंतांना दरदरून घाम फुटला. एसी चालू होता.

बाई म्हणाल्या, घाबरू नका, मीसुद्धा असंच शिकले. लग्नाआधी लंडनमध्ये याची आई मला म्हणाली होती, ‘तुम्ही जेवायला यायलाच हवं.’ आमच्या घरी पाहुणा आला म्हणजे देव आला असं म्हणतात, तेव्हा मी पुढच्याच रविवारी फुलं घेऊन हजर. म्हातारी गाऊनमध्ये दारात. कुणी बोलावलंच नव्हतं मला! ते नुसतं बोलणं होतं. शेवटी तिने मला पाव भाजून त्यावर डब्यातले बीन्स घालून दिले आणि ‘आलात, किती छान’ असं आठ वेळा म्हणाली. यावर कॉलिनसाहेब हसत म्हणाले की क्राकूफला आपल्या सासूबाईंनी पहिल्या भेटीत दारातच विचारलं होतं, इतका वाळका का, आणि केस कुठे गेले? सासूबाईंचं प्रेम बसलं होतं म्हणे. कॉलिनसाहेबांना ते कळायला दहा वर्षं लागली.

हे सांगेपर्यंत बाई स्टुलावर चढल्या होत्या. हुक हलवून पाहिले, टिचकी मारली, मोबाइलच्या उजेडात निरखलं. कुठल्या गाढवाने बसवले, असं विचारलं. भोकं चुकीची, बोल्ट चुकीचे. एक माणूस बसेल. दोन नाही. मनोहरपंतांनी मान डोलावली आणि कॉलिनसाहेबांकडे पाहिलं. ते म्हणाले, मला तर एकूण फारच मोहक वाटतं. मनोहरपंतांनी मनातल्या मनात हिशेब केला: साहेब आपल्या बाजूला, बाई विरुद्ध. गोगट्यांनी सांगितलंच होतं, कॉलिनला जपा.

पानं वाढली. आता आग्रहाची गोष्ट. संजीवनीबाईंनी दुसरी पोळी पुढे केली, कॉलिनसाहेब म्हणाले, पुरे, आभारी आहे. आपल्याकडे पहिल्या ‘पुरे’ला कोण पुरे समजतं? दुसरी पडली. तिसरी पडली, वर तुपाची धार. साहेब प्रत्येक घासाला ‘लव्हली’ म्हणत होते आणि त्यांच्या कपाळावरची शीर वर येत होती. बोझेनाबाईंनी चार पोळ्या स्वतः मागून घेतल्या. कटाची आमटी वाटीने प्यायल्या. मग बटाट्याच्या भाजीकडे बोट दाखवून म्हणाल्या, ही चांगली नाही. हिच्यात मीठ नाही.

संजीवनीबाईंच्या हातातला डाव तसाच. वीस वर्षांच्या संसारात त्यांच्या भाजीला कुणी असं म्हटलं नव्हतं. त्यांनी चमचाभर भाजी तोंडात टाकली आणि चेहरा उतरला. धांदलीत मीठ खरोखरच राहिलं होतं. त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं. नवऱ्याची वाटी रिकामी होती, आणि दहा मिनिटांपूर्वी तो ‘छान झालीय’ म्हणाला होता.

“मीठ नव्हतं हे तुम्हाला कळलं नाही?”

“कळलं ना,” मनोहरपंत म्हणाले, “पण पाहुण्यांसमोर कसं बोलायचं?”

जेवणं झाली. कॉलिनसाहेबांना खुर्चीत बसवेना म्हणून ते झोपाळ्यावर टेकले आणि पोटावर हात ठेवून मंद हलू लागले. बोझेनाबाईंनी बडीशेप चावत थेट मुद्द्याला हात घातला.

“तुम्हाला या घरात राहायचंय का?”

इथे मनोहरपंतांची बाजू नीट समजून घ्या. आपल्याकडे चहा विचारला की आधी ‘नको, आत्ताच घेतला’ म्हणायचं असतं. मग समोरच्याने ‘असं कसं’ म्हणायचं. मग आपण ‘कशाला उगाच त्रास’. मग त्याने ‘त्रास कसला’. मग अर्धा कप. हा एक पूर्ण विधी आहे आणि तो दोघांनी मिळून पार पाडायचा असतो. मनोहरपंतांच्या पोटात घरासाठी नुसतं तुटत होतं, आणि तोंडातून संस्कार बोलले.

“छे छे, आमचा कसलाच आग्रह नाही. घर तुमचं. तुम्ही म्हणाल त्या दिवशी किल्ल्या हातात देतो.”

असं म्हणून ते ‘असं कसं’ची वाट बघत हसत उभे राहिले.

कॉलिनसाहेब म्हणाले, हा तुमचा फारच मोठेपणा. बोझेनाबाईंनी पर्समधून डायरी काढली. म्हणाल्या, बरं झालं, मला वाटलं होतं तुम्हाला राहायचं असेल, मुलीची परीक्षा असेल. मग आम्ही एक सप्टेंबरला येतो. आणि लिहायला लागल्या.

मनोहरपंतांच्या पायाखालची जमीन सरकली. नवव्या मजल्यावर ती सरकायला बरीच जागा असते. दुसऱ्यांदा विचारलंच नाही! ‘असं कसं’ नाही, काही नाही, थेट तारीख. भीड ही भिकेची बहीण असं आई जन्मभर सांगत आली, पण ती सख्खी बहीण आहे हे त्यांना त्या क्षणी कळलं. दिलेला शब्द परत कसा घ्यायचा? संजीवनीबाई नवऱ्याकडे अशा बघत होत्या की त्यापेक्षा डायरीकडे बघणं बरं.

तेवढ्यात जाई खुर्ची सरकवून उभी राहिली. हातात मघाचं शेवंतीचं फूल.

“आंटी, ही डझन्ट मीन इट, लाह. वी वॉन्ट टू स्टे. माझी परीक्षा ऑक्टोबरमध्ये आहे.”

बोझेनाबाईंचं पेन थांबलं.

“मग तुझे वडील तसं का म्हणाले?”

“पोलाइट आहेत.”

आता हादरायची पाळी बोझेनाबाईंची होती. पोरीची परीक्षा तोंडावर असताना बाप हसत हसत घर सोडून देतो, ही गोष्ट त्यांच्या डोक्यात शिरेना. त्यांनी मनोहरपंतांकडे नखशिखांत पाहिलं. मग त्यांच्या डोक्यात काय आलं कोण जाणे, मान हळूहळू वळून झोपाळ्याकडे गेली. एकाच तऱ्हेची भेग दोन पुलांना दिसावी तशा त्या आळीपाळीने दोघांकडे बघत राहिल्या.

“कॉलिन. तुला या घरात राहायचंय?”

घर सुंदरच आहे, कॉलिनसाहेब म्हणाले.

“राहायचंय का?”

मी नाही म्हणणार नाही, कॉलिनसाहेब म्हणाले.

“हो की नाही?”

झोपाळा कुरकुरला. कॉलिनसाहेबांनी एकदा छताकडे, एकदा तीन पोळ्या बसलेल्या आपल्या पोटाकडे पाहिलं.

“नाही.”

आणि मग बांध फुटला. उंचीची भीती वाटते, म्हणाले. लहानपणापासून. या घराची बाल्कनी आपण सहा वर्षांत एकदाही पाहिलेली नाही, आतल्या कुंड्यांना पाणी घालायचं निमित्त काढून आतच उभे राहायचो. आत्ताचा कंपनीचा फ्लॅट पहिल्या मजल्यावर आहे, तिथे गेल्या महिन्यात आपल्याला पहिल्यांदा नीट झोप लागली. तुला इथला देखावा इतका आवडायचा, मग कसं बोलणार?

बोझेनाबाईंच्या हातातून डायरी गळून पडली. जी बाई जगाला तोंडावर सुनावते, तिला स्वतःच्या घरात सहा वर्षं कुणी खरं सांगितलं नव्हतं. त्यांचे डोळे भरून आले. त्या उठल्या, गेल्या आणि नवऱ्याशेजारी झोपाळ्यावर बसल्या.

एक माणूस. दोन नाही.

“उठा!”

मनोहरपंत असे ओरडले की सातव्या मजल्यावर ऐकू गेलं असेल. चक्क मराठीत ओरडले. पण ओरडणं असं होतं की त्याला भाषांतर लागलं नाही. दोघंही उडी मारून बाजूला झाली, आणि डाव्या अंगाचे दोन हुक सिमेंटच्या ढेकळासकट खाली आले. सागवानी पाट फरशीवर आदळला. शेवंतीची फुलदाणी कलंडली. पांढरा धुरळा सगळ्यांच्या डोक्यांवर बसला आणि त्यात पाचही माणसं भुतांसारखी उभी.

बोझेनाबाईंनी छताकडे पाहिलं, मग मनोहरपंतांकडे.

“शेवटी बोललात एकदाचे,” त्या म्हणाल्या. “तुम्ही राहा. दोन वर्षं.”

करार तिथेच ठरला. कॉलिनसाहेब धुरळा झटकत म्हणाले, संध्याकाळ फारच सुंदर गेली, आणि या वेळी ते खरं बोलत असावेत. बाई म्हणाल्या, पुढच्या रविवारी मी योग्य बोल्ट घेऊन येते आणि झोपाळा स्वतः लावते, असा की हत्ती बसेल. मनोहरपंतांचा जीव सुखावला. बाई संजीवनीबाईंकडे वळल्या. लावू ना?

संजीवनीबाईंनी धुरळ्याने पांढरा झालेला पदर खांद्यावरून नीट घेतला. पाटाकडे पाहिलं. मग म्हणाल्या,

“नको. मला झोपाळ्यावर मळमळतं.”

मनोहरपंतांना वाटलं, राहिलेलं छत आत्ता कोसळलं.

“अगं, पण तू छान आहे म्हणाली होतीस.”

“दिसायला छानच आहे की,” संजीवनीबाई म्हणाल्या. “तुम्ही इतक्या हौसेनं आणलात, मग कसं बोलणार?”

कॉलिनसाहेबांनी पुढे होऊन मनोहरपंतांच्या खांद्यावर हात ठेवला.

झोपाळा आता बोझेनाबाईंकडे आहे, पहिल्या मजल्यावर, हत्तीला पेलणाऱ्या बोल्टांवर. जाईला शाळा आठ मिनिटांवरच राहिली. हा सगळा प्रकार मनोहरपंतांनी फोनवर गोगट्यांना सांगितला तेव्हा गोगट्यांनी तो शेवटपर्यंत ऐकून घेतला. मग त्यांनी विचारलं, म्हणजे ‘व्हेरी इंटरेस्टिंग’चा अर्थ नक्की काय असतो हो?

रिसबुडांच्या घरात त्या दिवसापासून खरं बोलायचं ठरलं. दुसऱ्याच दिवशी मनोहरपंतांनी आमटी आंबट झाल्याचं सांगितलं, आणि तेव्हापासून रविवारचा स्वयंपाक त्यांच्याकडे आला. ते मन लावून करतात. मायलेकी शेवटचा घास संपवतात, एकमेकींकडे बघतात आणि म्हणतात, “छान आहे.”

आणि मनोहरपंतांच्या काळजात धस्स होतं.